तीन गोमटेश्वर, एक दिवस : कारकळ ते धर्मस्थळ गाडीप्रवासाचे सविस्तर नियोजन

कर्नाटकाच्या किनारपट्टीवर, मंगळूर आणि उडुपी यांच्या पूर्वेला पसरलेल्या तुळुनाडूत, उघड्या आकाशाखाली उभ्या असलेल्या तीन प्रचंड अखंड पाषाणमूर्ती एकाच दिवसात गाडीने सहज पाहता येतात. कारकळची ४२ फुटांची मूर्ती १४३२ साली, वेणूरची ३५ फुटांची मूर्ती १६०४ साली आणि धर्मस्थळची ३९ फुटांची मूर्ती १९८२ साली प्रतिष्ठापित झाली. तिन्ही मूर्ती बाहुबलीच्या, म्हणजेच गोमटेश्वराच्या आहेत आणि तिन्हींची मुद्रा एकच आहे. सकाळी कारकळपासून सुरुवात केली, तर रस्त्याचा क्रम आणि काळाचा क्रम आपोआप जुळतो : सर्वांत जुनी मूर्ती प्रथम, मधली मध्यान्हीनंतर आणि विसाव्या शतकातली शेवटी. साडेपाचशे वर्षांच्या अंतरात एकच विषय तीन वेळा दगडात उतरवला गेला, तेव्हा शिल्पकारांनी काय कायम ठेवले आणि काय बदलले, हे ताज्या आठवणीने ताडून पाहता येते, आणि म्हणूनच या तीन मूर्ती वेगवेगळ्या सहलींत न पाहता एकाच दिवशी, याच क्रमाने पाहाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सुटीत कोकण रेल्वेने किंवा गाडीने उडुपी-मंगळूरकडे जाणारी मराठी कुटुंबे बहुधा श्रीकृष्ण मठ, मालपेचा समुद्र आणि धर्मस्थळचे दर्शन एवढ्यावर थांबतात. त्यांना एक मोकळा दिवस काढता यावा आणि तो नीट वापरता यावा, यासाठी पुढील नियोजन सांगतो.

निघण्यापूर्वी जाणून घ्यावे असे

मूर्तीसमोर उभे राहिल्यावर काय पाहायचे हे आधी ठाऊक असेल, तर तिथला अर्धा तासही पुष्कळ काही देतो. बाहुबली हा प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांचा पुत्र. थोरला भाऊ भरत चक्रवर्ती होण्यासाठी दिग्विजयाला निघाला, तेव्हा बाहुबलीने त्याचे मांडलिकत्व नाकारले. सैन्याचा संहार टाळण्यासाठी दोघा भावांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध करावे असे ठरले. बाहुबलीने तिन्ही जिंकली, पण जिंकल्याच्या क्षणीच त्याला राज्याचा वीट आला आणि त्याने सर्वस्वाचा त्याग केला. त्यानंतर तो वर्षभर एकाच जागी कायोत्सर्ग मुद्रेत, म्हणजे हात सरळ खाली सोडून ध्यानात, उभा राहिला. पायांशी वारुळे चढली, त्यांतून साप निघाले, आणि माधवीच्या वेली मांड्यांवरून दंडांपर्यंत पोहोचल्या, तरी तो हलला नाही. वारूळ, साप आणि वेल या तीन खुणा प्रत्येक मूर्तीवर शोधाव्यात. उंची, केसांचे कुरळे वळसे, लांबलेल्या कानांच्या पाळ्या आणि गुडघ्यांकडे झेपावलेले सरळ हात हे तर लगेच नजरेत भरते, पण मूर्तिकाराचा हात ओळखायचा असेल, तर वेलीकडे पाहावे.

या परंपरेचा उगम श्रवणबेळगोळला आहे. गंग राजांचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय याने ९८१ च्या सुमारास विंध्यगिरीच्या माथ्यावरचा खडक कोरून तेथील ५७ फुटांची मूर्ती घडवली. तिच्या पायाशी कन्नड आणि तमिळ लेखांच्या जोडीने नागरी लिपीत ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही ओळ आहे, आणि मराठीच्या प्राचीन लेखांचा विचार करताना तिचा उल्लेख झाल्यावाचून राहत नाही. पुढच्या तिन्ही मूर्ती या मूळ मूर्तीकडे पाहूनच उभ्या राहिल्या आहेत. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना ही मुद्रा घराजवळही भेटते, कारण हातकणंगले तालुक्यात कुंभोजजवळच्या बाहुबली डोंगरावर १९६३ साली उभारलेली २८ फुटांची संगमरवरी मूर्ती आहे. प्रवासाची सुरुवात कोल्हापुरातून होणार असेल, तर ती आधी पाहून घ्यावी. संगमरवर आणि ग्रॅनाइट यांत शिल्पकाराला किती वेगळी वागणूक ठेवावी लागते, हे त्यामुळे लक्षात येते.

कधी जावे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा आहे. हवा कोरडी असते, सकाळी थोडे धुके असते, आणि दहा वाजेपर्यंत कातळावर अनवाणी चालणे त्रासाचे होत नाही. मार्च ते मे या काळात किनारपट्टीवर दमट उकाडा असतो आणि कातळ सकाळी साडेनऊपासूनच तापू लागतो, म्हणून उन्हाळी सुटीतच जायचे असेल, तर खाली दिलेल्या वेळा तासभर अलीकडे आणाव्यात. जून ते सप्टेंबर हा इथला खरा पावसाळा. कारकळपासून फार दूर नसलेले आगुंबे देशातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडते, यावरून पावसाचा अंदाज यावा. ओल्या ग्रॅनाइटवर शेवाळ धरते आणि कोरलेल्या पायऱ्या निसरड्या होतात, त्यामुळे वृद्ध माणसे सोबत असतील, तर हे महिने टाळावेत.

शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्या धर्मस्थळला फार गर्दीच्या असतात. कार्तिकातला लक्षदीपोत्सव आणि महाशिवरात्र या दिवसांत दर्शनाच्या रांगेतच दिवस जाईल. कारकळ आणि वेणूरला मात्र एरवी बहुधा शांतताच असते.

आणखी एक चौकशी अवश्य करावी. या मूर्तींचा महामस्तकाभिषेक साधारण बारा वर्षांनी होतो. कारकळला तो २०१५ मध्ये, धर्मस्थळला २०१९ मध्ये आणि वेणूरला २०२४ मध्ये झाला. सोहळ्याच्या आधी काही काळ मूर्तीभोवती उंच मचाण बांधले जाते. ज्यांना अभिषेक पाहायचा आहे त्यांच्यासाठी ती पर्वणीच असते, पण ज्यांना मूर्ती निवांत आणि मोकळी पाहायची आहे त्यांनी त्या काळात जाऊ नये. बारा वर्षांचा हिशेब धरला, तर यापुढची पाळी प्रथम कारकळची येते.

पोहोचणे, मुक्काम आणि वाहन

मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी मत्स्यगंधा एक्सप्रेस उडुपीमार्गे मंगळूरला जाते. मुंबईहून मंगळूरला विमानसेवाही आहे आणि तो विमानतळ मूडबिद्रीच्या बाजूलाच आहे. स्वतःच्या गाडीने गोव्याकडून येणाऱ्यांनी कारवार, कुमटा, भटकळ, उडुपी असा किनाऱ्याचा महामार्ग धरावा. या वाटेवर मुर्डेश्वरला समुद्राकाठी शंकराची १२३ फुटांची बैठी मूर्ती आहे. ती काँक्रीटची आहे आणि उंचीने श्रवणबेळगोळच्या मूर्तीच्या दुपटीहून मोठी आहे. ती आदल्या दिवशी पाहिली असेल, तर दुसऱ्या दिवशी एका अखंड शिळेतून चाळीस फूट उंचीची मूर्ती काढणे म्हणजे काय, हे मनाला अधिक पटते.

मुक्काम आदल्या रात्री उडुपी, मूडबिद्री किंवा खुद्द कारकळला करावा. उडुपीहून कारकळ सुमारे ३७ किलोमीटर आणि मंगळूरहून सुमारे ५० किलोमीटर आहे. माझी पसंती कारकळ किंवा मूडबिद्रीला, कारण या दिवसाची सारी गोडी सकाळच्या पहिल्या दोन तासांत आहे आणि ते तास गाडीत घालवणे बरे नव्हे. पुढची अंतरे अशी आहेत : कारकळ ते मूडबिद्री सुमारे १८ किलोमीटर, मूडबिद्री ते वेणूर सुमारे २०, वेणूर ते धर्मस्थळ सुमारे ३२, आणि धर्मस्थळहून मंगळूरला परत सुमारे ७५ किलोमीटर. अंतरे थोडी दिसत असली, तरी मूडबिद्रीच्या पुढचा रस्ता रबर, सुपारी आणि काजूच्या बागांतून वळणे घेत जातो, म्हणून ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेग हिशेबात धरू नये. मंगळूर–कारकळ मार्गावर रुंदीकरणाची कामेही निघाली आहेत, त्यासाठी थोडा वेळ हाताशी ठेवावा.

स्वतःचे वाहन नसेल, तर उडुपी किंवा मंगळूरहून दिवसभरासाठी गाडी ठरवावी आणि ठरवतानाच चारही ठिकाणांची नावे व परतीची वेळ स्पष्ट सांगावी. ‘धर्मस्थळ फेरी’ एवढेच सांगितले, तर चालक सरळ बेळतंगडीच्या रस्त्याने नेतो आणि कारकळ-वेणूर बाजूला राहतात. खासगी बसगाड्या या भागात पुष्कळ आहेत, पण बसने फिरायचे, तर एका दिवसात चारही ठिकाणे होत नाहीत, मूडबिद्री सोडावी लागेल. हिंदी बहुतेक ठिकाणी चालते, आणि कारकळ-मंगळूरकडे कोकणी बोलणारी घरे इतकी आहेत की मालवणी किंवा गोव्याची बोली येणाऱ्याचे दुकानात सहज निभते.

सोबत पाण्याच्या बाटल्या, टोपी, सुटे पैसे, पायमोज्यांचा एक जुना जोड आणि पादत्राणे ठेवायला कापडी पिशवी घ्यावी. दुर्बीण असेल, तर ती नक्की घ्यावी, कारण चाळीस फुटांवरचे ओठ आणि पापण्या नुसत्या डोळ्यांनी नीट कळत नाहीत. चामड्याचा पट्टा आणि पाकीट बसदीत नेऊ नये. बसदी म्हणजे जैन मंदिर, आणि रस्ता विचारताना हाच शब्द वापरावा.

पहिला टप्पा : कारकळ, सकाळी सात ते सव्वादहा

सूर्य वर येण्याच्या सुमारास टेकडीच्या पायथ्याशी असावे. गावाच्या कडेला एकाच प्रचंड खडकाची ही टेकडी आहे. तिच्या अंगातच खोदलेल्या पायऱ्यांनी वर जाता येते, आणि गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी गाडी बरीच वरपर्यंत नेता येते. चालता येत असेल त्याने मात्र पायऱ्यांनीच जावे. सकाळचा कातळ पायाला थंड लागतो, पायऱ्यांच्या कडा शतकांच्या पावलांनी गोल झालेल्या जाणवतात, आणि चढताना मूर्ती आवाराच्या भिंतीआड हळूहळू दिसू लागते, हे गाडीतून उतरणाऱ्याला मिळत नाही.

आवाराच्या बाहेर, मूर्तीच्या समोर, एक उंच सडपातळ स्तंभ आहे आणि त्याच्या माथ्यावर ब्रह्मदेव बसलेला आहे. हा स्तंभ मूर्तीनंतर चार वर्षांनी, १४३६ मध्ये उभारला गेला. हा ब्रह्मदेव म्हणजे जैन परंपरेतला क्षेत्ररक्षक यक्ष होय. बहुतेक माणसे या स्तंभाजवळून न थांबता आत शिरतात, पण मूर्तीची पहिली नजर इथूनच घ्यावी, कारण आत गेल्यावर इतके अंतर पुन्हा मिळत नाही.

मूर्ती वीर पांड्य भैररस या राजाने आपले गुरू ललितकीर्ती यांच्या प्रेरणेने करवली आणि तिची प्रतिष्ठापना १३ फेब्रुवारी १४३२ रोजी झाली. श्रवणबेळगोळची मूर्ती डोंगराच्या माथ्यातूनच कोरली गेली, पण कारकळची मूर्ती खाली घडवून, पुष्कळ चाकांच्या गाड्यावर चढवून, माणसांनी ओढत टेकडीवर आणली, असे जुन्या कन्नड काव्यात वर्णन आले आहे. टेकडीचा उतार स्वतः चढून आल्यावर त्या वर्णनातले श्रम अंगाला कळतात.

आत गेल्यावर तीन कामे करावीत. पहिले, मूर्तीभोवती पूर्ण फेरी घालावी आणि पाठीमागे थांबावे. तिथे पायांच्या मागे त्याच शिळेतून राखलेला आधार दिसतो. एवढा उंच दगड दोन घोट्यांवर उभा राहणे शक्य नसते, म्हणून शिल्पकाराने पुढून दिसणार नाही अशा बेताने तो शिल्लक ठेवला आहे. दुसरे, पायाशी येऊन बोटांकडे पाहावे. नखांच्या कडा, वारुळाची छिद्रे आणि त्यांतून डोकावणारे साप हे सारे डोळ्यांच्या पातळीवर आहे, आणि ग्रॅनाइटमधले स्फटिकाचे कण तिरप्या उन्हात चमकताना दिसतात. त्यानंतर वेलीचा एक देठ नजरेने धरून तो पोटरीवरून मांडीवर आणि पुढे दंडापर्यंत कसा चढतो, पाने कुठे आतल्या बाजूला वळतात, हे दुर्बिणीने सावकाश पाहत जावे. तिसरे, मूर्तीवरून उतरलेल्या काळ्या ओघळांकडे लक्ष द्यावे. सहाशे पावसाळ्यांनी कुठून पाणी वाहिले याचा तो नकाशा आहे. डोके, खांदे आणि छाती यांवर ते गडद आहेत, तर हनुवटीखाली आणि काखेत दगडाचा मूळ फिकट रंग अजून टिकून आहे.

या सगळ्याला तासभर लागतो आणि तो द्यावा. इथेच डोळे तयार झाले, तर पुढच्या दोन मूर्ती पाहणे सोपे जाते.

उतरून समोरच्या लहान टेकडीवरील चतुर्मुख बसदीकडे जावे. ही इम्मडी भैरव राजाने १५८६ मध्ये बांधायला घेतली. चारी बाजूंनी अगदी सारखी दिसणारी, सपाट दगडी छताची, १०८ खांबांची ही वास्तू आहे. चारही दारांतून आत पाहिले की प्रत्येक दिशेला अरनाथ, मल्लिनाथ आणि मुनिसुव्रत या तीन तीर्थंकरांच्या उभ्या मूर्ती समोर येतात, म्हणजे एकूण बारा. या बसदीच्या जोत्यावरून समोरच्या टेकडीकडे पाहिले असता गोमटेश्वराची आकृती आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसते. मूर्तीची प्रमाणबद्धता कळण्यासाठी ही जागा सर्वांत चांगली आहे, कारण जवळून वर पाहताना पाय मोठे आणि मस्तक लहान भासते, तर इथून ते सारे जागच्या जागी येते.

न्याहारी यानंतर गावात करावी. गरम बन्स (केळे घातलेल्या गोडसर पुऱ्या) आणि गोळीबजे (मैद्याची गोल भजी), किंवा नीर दोसा मिळेल तिथे तो घ्यावा. पत्रोडे मिळाले, तर आपल्या अळूवडीची ही चुलत बहीण अवश्य चाखावी. वेळ उरला, तर हिरियंगडीचा एकाच दगडातून घडवलेला उंच मानस्तंभ, म्हणजे बसदीसमोरचा खांब, जाता जाता पाहावा.

दुसरा टप्पा : मूडबिद्री, साडेदहा ते साडेबारा

मूडबिद्रीत महाकाय मूर्ती नाही, तरीही ती या दिवसात हवी. दिवसाचा सर्वांत तापलेला भाग सावलीत घालवणे हे पहिले कारण, आणि ज्या समाजाने या मूर्ती उभारल्या त्याची श्रीमंती व विद्या इथे पाहायला मिळते हे दुसरे. अठरा बसदींच्या या गावाला जैनांची काशी म्हणतात. त्यांतली १४३० सालची ‘साविर कंबद’ म्हणजे हजार खांबांची बसदी तेवढी पुरे. उतरत्या छपरांची, तीन मजली अशी तिची बांधणी आहे, आतले खांब एकासारखा दुसरा नाही असे कोरलेले आहेत आणि गाभाऱ्यात चंद्रनाथ तीर्थंकरांची पंचधातूची मूर्ती आहे. मुले सोबत असतील, तर पुढच्या मंडपाच्या जोत्यावर कोरलेला जिराफ आणि चिनी पद्धतीचा ड्रॅगन त्यांना शोधायला सांगावे. समुद्रापलीकडच्या व्यापाराच्या या खुणा आहेत, आणि त्या काळी जिराफ पाहिलेला माणूस इथे आला होता किंवा इथला माणूस तिकडे जाऊन आला होता, ही कल्पना मुलांना फार आवडते.

इथल्याच गुरु बसदीने धवला आणि जयधवला या प्राचीन जैन टीकाग्रंथांच्या ताडपत्रांचे शतकानुशतके जतन केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून सोलापूरच्या हिराचंद नेमचंद यांनी खटपट केली, आणि पुढे अमरावतीत प्राध्यापक असलेल्या हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून धवला छापून प्रसिद्ध होऊ लागली. मूडबिद्रीशी महाराष्ट्राचा हा संबंध फार मोलाचा आहे आणि तो इथे येणाऱ्या मराठी माणसाला ठाऊक असावा असे मला वाटते.

जेवण मूडबिद्रीतच उरकावे. वेणूर लहान गाव आहे, आणि धर्मस्थळच्या भोजनालयातले दुपारचे जेवण आपल्या वेळापत्रकात बसत नाही.

तिसरा टप्पा : वेणूर, दीड ते अडीच

वेणूर फल्गुनी नदीच्या काठी आहे. अजिल घराण्यातल्या तिम्मराजाने इथली मूर्ती १६०४ मध्ये प्रतिष्ठापित केली. मूर्तीवरील लेखात तो आपली परंपरा थेट चावुंडरायाच्या वंशाशी जोडतो. कारकळच्या राजाला शेजारच्या या नव्या मूर्तीचा मत्सर वाटला, तिची मागणी झाली आणि त्यावरून युद्ध पेटले, अशी कथा या भागात सांगितली जाते. आपण सकाळीच कारकळची मूर्ती पाहून आलेलो असल्यामुळे ही कथा इथे ऐकताना तिला वेगळी धार येते.

मूर्ती टेकडीवर नाही. सपाट जागी, उंच चौथऱ्यावर, भिंतीच्या आवारात ती उभी आहे, म्हणून चढ नाही आणि वृद्धांना व लहान मुलांना हे ठिकाण सर्वांत सुखाचे आहे. तिचे तोंड पश्चिमेकडे असल्याने दुपारनंतर चेहऱ्यावर ऊन येऊ लागते, आणि सकाळऐवजी दीडनंतर इथे यावे याचे हेच मुख्य कारण. सकाळी याच चेहऱ्याच्या मागे प्रकाश असतो आणि मग त्यातले काहीच कळत नाही.

इथे चेहऱ्याकडेच पाहायचे आहे. कारकळची मूर्ती गंभीर आहे. वेणूरच्या मूर्तीच्या गालांना खळ्या आहेत आणि ओठांवर स्पष्ट स्मित आहे. तिन्ही मूर्तींत उंचीने ही सर्वांत कमी, पण मला स्वतःला हीच सर्वांत जवळची वाटते. दुर्बीण लावून आधी डावा गाल, मग ओठांचे कोपरे आणि नंतर अर्धवट मिटलेल्या पापण्या अशा क्रमाने पाहावे. प्रकाश सरकेल तशी खळीतली सावली गडद होत जाते, म्हणून आल्याबरोबर एकदा आणि निघताना एकदा असे दोनदा पाहावे. मधल्या वेळात आवाराच्या दोन बाजूंना असलेल्या लहान बसदी पाहून होतात.

आवारातली फरसबंदी या वेळी तापलेली असते. पायमोजे चालतील का, हे तिथल्या रखवालदाराला विचारून घ्यावे आणि नाही म्हटले, तर वाद न घालता भिंतीच्या सावलीच्या कडेने फिरावे.

चौथा टप्पा : धर्मस्थळ, साडेतीन ते रात्र

वेणूरहून गुरुवायनकेरे, बेळतंगडी आणि उजिरे या गावांवरून धर्मस्थळला येता येते. या तासाभराच्या प्रवासात रस्त्याची वळणे आणि पुलांची रुंदी मुद्दाम पाहावी, कारण धर्मस्थळची मूर्ती धर्मस्थळला घडलेली नाही. देवस्थानाची व्यवस्था पाहणाऱ्या हेगडे घराण्यातल्या रत्नवर्म हेगडे यांच्या काळात १९६७ मध्ये तिचे काम कारकळला सुरू झाले. शिल्पकार होते रेंजाळ गोपालकृष्ण शेणै. १९७३ मध्ये ती पूर्ण झाल्यावर पावणेदोनशे टनांच्या आसपास वजनाची ही अखंड शिळा खास बनवलेल्या वाहनावर आडवी ठेवून रस्त्याने धर्मस्थळला आणली गेली. १९७५ च्या अखेरीस ती रत्नगिरी टेकडीवर उभी केली गेली आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये वीरेंद्र हेगडे यांच्या हस्ते प्रतिष्ठापना झाली. पंधराव्या शतकातल्या बहुचाकी गाड्याची जी गोष्ट सकाळी कारकळला ऐकली, तिचाच हा विसाव्या शतकातला आणि पूर्णपणे नोंदलेला प्रयोग आहे.

पोहोचल्यावर लगेच टेकडीवर जाऊ नये. साडेतीन ते साडेचार हा वेळ मंजूषा संग्रहालयाला आणि जुन्या मोटारींच्या संग्रहाला द्यावा. कंटाळलेली मुले या मोटारींपाशी पुन्हा ताजीतवानी होतात. त्यानंतर पावणेपाचच्या सुमारास रत्नगिरीवर जावे. वर जायला पायऱ्याही आहेत आणि गाडीरस्ताही. दिवसभराचे चालणे झालेले असते, म्हणून इथे गाडीने वर जाऊन पायऱ्यांनी खाली येणे मला अधिक योग्य वाटते.

ही मूर्ती पाहताना मनात सकाळच्या मूर्तीला समोर ठेवावे. दगड एकाच परिसरातला, कारागिरीची परंपरा तीच, पण इथला पृष्ठभाग अजून गुळगुळीत आहे, कडा धारदार आहेत, ओघळांचे डाग फारसे नाहीत. कारकळची मूर्ती १४३२ साली कशी दिसत असेल, याचे उत्तर आपल्याला धर्मस्थळला मिळते. वेलींची पाने इथे अधिक सुटी आणि नेटकी आहेत. पुन्हा एकदा मूर्तीच्या मागे जाऊन आधाराची शिळा कशी ठेवली आहे, हे कारकळशी ताडून पाहावे. सूर्यास्ताच्या आधी खाली उतरावे.

श्रीमंजुनाथाचे दर्शन घ्यायचे असेल, तर मंदिर दुपारी बंद राहून संध्याकाळी पुन्हा उघडते हे लक्षात ठेवावे. पुरुषांना सदरा आणि बनियन काढूनच आत सोडतात, म्हणून उपरणे जवळ असावे. स्त्रियांनी साडी किंवा अंगभर पोशाख ठेवावा. शिवाचे मंदिर, पूजेला वैष्णव पुरोहित आणि व्यवस्थेला पिढ्यान्‌पिढ्या जैन हेगडे घराणे, अशी इथली रीत आहे. रात्रीचे जेवण अन्नपूर्णा भोजनालयात घ्यावे. ते सर्वांना विनामूल्य असते, आणि हजारो पाने एकामागून एक इतक्या शिस्तीने उठताना पाहणे हाही एक अनुभव आहे.

छायाचित्रे आणि वागणूक

मूर्ती दिगंबर आहे. लहान मुलांना आधीच सांगावे की सर्व सोडून दिलेल्या माणसाची ही मूर्ती आहे आणि वस्त्रही त्यात आले; एवढे सांगितले की ती पुढे काही विचारत नाहीत. मूर्तीला बोटांत धरल्यासारखी किंवा तिच्या उभे राहण्याची नक्कल करणारी छायाचित्रे काढू नयेत. ही पूजेतली स्थाने आहेत. कारकळची स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असल्यामुळे तिथे ड्रोन उडवता येत नाही आणि तिपाईसाठी परवानगी लागते. पूर्ण मूर्ती चौकटीत बसवण्याच्या नादात मागे मागे सरकताना कातळाच्या कडेचे भान ठेवावे. उंची दाखवायची असेल, तर पायाशी एखादे माणूस उभे करून दुरून छायाचित्र घ्यावे.

रात्र आणि दुसरा दिवस

शक्य असेल, तर रात्र धर्मस्थळलाच काढावी. देवस्थानाची वसतिगृहे मोठी आहेत, पण सुट्यांत ती भरतात, म्हणून खोली आधी ठरवावी. मंगळूरला परतायचे असेल, तर साडेआठनंतर निघूनही दोन-अडीच तासांत पोहोचता येते.

दुसरा दिवस मोकळा असेल, तर श्रवणबेळगोळला जाऊन मूळ मूर्ती पाहावी. चारही मूर्ती एकाच दिवसात करण्याचा प्रयत्न मात्र करू नये. धर्मस्थळहून चारमाडी घाट चढून मूडिगेरे, बेलूर, हासन आणि चन्नरायपट्टण या मार्गाने तिथे जायला पाच तासांच्या आसपास लागतात आणि नंतर विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या असतात. पावसाळ्यात चारमाडी आणि शिराडी या दोन्ही घाटांत दरडी कोसळून वाहतूक थांबते, म्हणून निघण्याच्या सकाळी उजिऱ्याला रस्त्याची चौकशी करावी. घाटात पहाटे दाट धुके असते. सहाच्या आधी गाडी काढू नये. बेलूरचे चेन्नकेशव मंदिर वाटेवर आहे, त्याला दीड तास दिला, तर श्रवणबेळगोळच्या पायथ्याशी तीनच्या सुमारास पोहोचणे होते आणि कातळ निवू लागल्यावर, चारच्या पुढे, चढायला सुरुवात करता येते.